चार नंबरचा खण

आमच्या अतिदक्षता विभागात नर्सिंग टेबलाखाली एक स्टीलचा ड्रॉवर आहे. आम्ही त्याला देवाचा ड्रॉवर म्हणतो. औषधांसाठी आणलेली प्लास्टिकची पेटी त्यात बसवली आहे. आठ बेडचे आठ खण, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि आकडा. नातेवाईक जे आणून देतात ते त्यात जातं. अंगाऱ्याच्या पुड्या, काळे दोरे, ताईत, माउंट मेरीचं पदक, एकदा तर टाचण्या टोचलेलं लिंबू. यातलं काहीही पेशंटच्या अंगाजवळ ठेवायला मनाई आहे, जंतुसंसर्गाचा नियम. आणि नाही म्हटलं तर बाहेरच्या बाकावरच्या माणसाचं तोंड बघवत नाही. म्हणून तो ड्रॉवर.

हॉस्पिटल नगरमध्ये आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, पण एसटीत बसलेल्याच्या तोंडी अजून नगरच. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरी करते.

ड्रॉवर सुरू केला तो मरिया सिस्टरांनी. त्या आमच्या इन्चार्ज. रोज ड्यूटीआधी कपडे बदलायच्या खोलीत दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहतात, तेवढ्या वेळात आत जायची कुणाची हिंमत नाही. त्यांचा नियम साधा होता. वस्तू घ्यायची आणि 'आमच्याकडे आहे' एवढंच म्हणायचं. उशाशी ठेवली असं म्हणायचं नाही.

मी म्हणायचे. बारा वर्षांत शेकडो वेळा म्हटलं असेल, 'ठेवलंय हो उशाशी, तुम्ही निवांत बसा.' माझे वडील विज्ञानाचे मास्तर, आमच्या घरी गणपती बसतो तो मोदकांसाठी. माझं म्हणणं असं, की असल्या खोट्याने कुणाचं बिघडतं काय? माणसाचा तासभर डोळा लागतो. मरिया सिस्टर एकदा म्हणाल्या, "अश्विनी, त्यांच्या समाधानासाठी बोलतेस की तुझी सुटका व्हावी म्हणून?" मी हसून विषय बदलला होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात छबूबाई आल्या. कर्जत तालुक्यातल्या, वय पासष्टच्या पुढे, न्यूमोनिया रक्तात उतरलेला. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं आणि चार नंबरच्या बेडवर ठेवलं. सोबत नवरा, सहादेवबाबा. मुलंबाळं नाहीत. धोतर, डोक्याला टॉवेल, आणि पायताण दाराबाहेर काढून उभं राहायची सवय. मी सांगितलं, चपला घाला बाबा, फरशी तापलीय. त्यांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "न्हाई, आत लोकं मरनाच्या दारात हायती."

संध्याकाळी पाचच्या भेटीच्या वेळेला त्यांनी माझ्या हातात एक घुंगरू दिलं. पितळेचं, चिंचोक्याएवढं, काळं पडलेलं.

"देवाच्या नावानं सोडल्याली शेळी हाय आमची. तिच्या गळ्यातलं हाय. हिच्या कानापाशी ऱ्हाऊ द्या, बाई. ह्याचा आवाज आला की ही कशीबी उठती."

"ठेवते," मी म्हटलं. मग घुंगरू स्पिरिटने पुसलं, वाजू नये म्हणून कापसात घट्ट गुंडाळलं आणि चौथ्या खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "ठिवलंय ना?" मी मान डोलावली.

छबूबाई सुधारायला लागल्या. चौथ्या दिवशी रक्तदाबाचं औषध निम्म्यावर आलं, हाक मारली की पापणी हलायची. डॉक्टर म्हणाले, सोमवारी नळी काढायचा विचार करू. बाबांनी बाहेरच्या बाकावर बसून मला शेळ्यांची नावं सांगितली, सतरा शेळ्यांची.

रविवारी सकाळी चार नंबरच्या भिंतीतल्या ऑक्सिजनच्या जोडणीतून फुसफुस आवाज यायला लागला. छबूबाईंना सात नंबरला हलवलं. बेड बदलताना आमची यादी असते. फाईल, औषधं, पंप, मनगटावरची पट्टी, डोक्यावरची पाटी, सगळं एकेक खूण करत न्यायचं. मी एकूण एक खूण केली. देवाचा ड्रॉवर कुठल्याच यादीत नाही.

जोडणी दुपारपर्यंत दुरुस्त झाली आणि सोमवारी चार नंबरला जस्टिन आला. केडगावचा, सव्वीस वर्षांचा, एमआयडीसीतून मोटारसायकलवर घरी येताना टेम्पोने उडवलेला. डोक्याला मार. ऑपरेशन करून आणला तेव्हा चिमटा काढला तरी हालचाल नव्हती. डॉक्टर त्याच्या आईला फक्त 'बघू' म्हणाले, आणि आमच्या भाषेत त्या 'बघू'चा अर्थ वाईट असतो. आईचं नाव ग्रेस. शाळेत शिक्षिका, नवरा नाही, हा एकच मुलगा. तिने ड्रॉवरसाठी काही दिलं नाही. "आमच्यात असलं काही नसतं," ती म्हणाली, आणि पिशवीतून बायबल काढून बाकावर सहादेवबाबांच्या शेजारी बसली.

मंगळवारी सकाळी जस्टिनच्या डोळ्यावर बॅटरी मारली आणि बाहुली आकसली. बुधवारी त्याने बोट धरलं. गुरुवारी नळी निघाली. डॉक्टरांनी फाईल दोनदा उलटून बघितली आणि तरुण आहे, तरुण आहे, असं स्वतःशीच म्हणत पुढच्या बेडकडे गेले.

त्याच मंगळवारी छबूबाईंचा रक्तदाब घसरला. बुधवारी औषध दुप्पट केलं, गुरुवारी दुसरं जोडलं. लघवी कमी झाली. पापणी हलायची थांबली. मी दोन्ही गोष्टी रोज दोन फाईलींत लिहीत होते आणि एकीचा दुसरीशी संबंध जोडायचं मला काही कारण नव्हतं.

बाहेर बाकावर त्या दोघांची चांगली गट्टी जमली होती. ग्रेसताईंनी डबा उघडला की अर्धी भाकरी बाबांच्या हातावर ठेवायच्या. त्या हळू आवाजात स्तोत्र वाचायच्या आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. "मास्तरीनबाई लई ग्वाड वाचत्यात," मला म्हणाले. "मी म्हनलं, हिच्या नावानं बी वाचा थोडं. त्या वाचत्यात."

शुक्रवारी दुपारी दोनला मी जस्टिनची चादर बदलत होते. त्याने डोळे उघडले, तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला आणि कुरकुरत्या आवाजात म्हणाला, "सिस्टर, ते घुंगरू काढा ना. सारखं कानाशी वाजतं. झोप लागत नाही."

मी म्हटलं, "कुठलं घुंगरू?"

"तुम्हीच ठेवलंय ना उशाशी," तो म्हणाला आणि परत झोपला.

मी चादरीची घडी पूर्ण केली. हात धुतले. मग टेबलापाशी जाऊन ड्रॉवर ओढला. कापसाची गुंडाळी चौथ्या खणात तशीच होती. सातवा खण रिकामा होता.

चूक माझी होती, आणि सुधारायला दोन सेकंद लागले असते. चारमधून उचलून सातमध्ये टाकायचं, संपलं. पितळेचा एक तुकडा. मी कापूस उलगडला आणि घुंगरू तळहातावर घेतलं.

चार नंबरचा अलार्म वाजला. जस्टिनचा ऑक्सिजन सत्त्याण्णववरून अठ्ठ्याऐंशीवर आला होता. मी घुंगरू परत चौथ्या खणात टाकलं आणि धावले. पोहोचेपर्यंत आकडा परत सत्त्याण्णव. बोटाचा चिमटा नीट बसलेला, मास्क जागेवर, नळीला कुठे पीळ नाही.

एकदा झालेल्या गोष्टीला काही अर्थ नसतो, हे वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं. मी परत टेबलाशी आले आणि परत उचललं.

अलार्म.

या वेळी मी हात सातव्या खणावर नेला आणि नुसता धरून ठेवला. टेबलावरून सात नंबरचा मॉनिटर दिसतो. छबूबाईंचा वरचा रक्तदाब अठ्ठ्याहत्तर होता. चौऱ्याऐंशी झाला. नव्वद. शहाण्णव.

चार नंबरचा अलार्म वाजतच होता. ब्याऐंशी. एकोणऐंशी.

मी घुंगरू चौथ्या खणात ठेवलं.

आमची सवय अशी, की जो मॉनिटर ओरडतो त्याच्याकडे आधी धावायचं. सात नंबरचा मॉनिटर ओरडत नव्हता, कारण त्याच्या अलार्मच्या मर्यादा आम्हीच खाली आणून ठेवल्या होत्या, सारखा वाजून डोकं उठवू नये म्हणून. दोन जिवांवर मी प्रयोग केला होता, भरदुपारी, गणवेशात, कुणाला न विचारता. आणि उत्तर आलेलं होतं.

मरिया सिस्टर आतल्या खोलीत औषधांचा साठा तपासत होत्या. मी सगळं सांगितलं. वेड लागलंय म्हणतील असं वाटलं होतं, त्यांनी हातातली यादी खाली ठेवली.

"डॉक्टरांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"जे औषधाचं आहे ते. ते चालूच आहे."

"मग घुंगराचं? चारमध्ये ठेवू की सातमध्ये? सिस्टर, तुम्ही देव मानता, तुम्ही सांगा."

"माझा त्या घुंगरावर विश्वास नाही, अश्विनी. पण म्हणून ते माझं होत नाही. तुझंही नाही. ज्याचं आहे त्याला खरं सांग."

"आणि त्यांनी सातमध्ये ठेव म्हटलं तर? तो पोरगा सव्वीस वर्षांचा आहे."

"मग मी चार नंबरपाशी उभी राहीन," त्या म्हणाल्या. "आपल्याला जेवढं करता येतं तेवढं करू."

इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. त्यांनी एक काहीतरी सांगितलं असतं तर मी ते केलं असतं, आणि पुढे आयुष्यभर त्यांच्यावर ढकललं असतं.

साडेचारला मी बाहेर गेले. ग्रेसताई कपडे आणायला केडगावला गेल्या होत्या. बाकावर सहादेवबाबा एकटेच होते. मी शेजारी बसले. नातेवाइकांशेजारी आम्ही सहसा बसत नाही, त्यांनी लगेच ओळखलं.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. मला दुसरं सांगायचंय. तुमचं घुंगरू मी त्यांच्या कानापाशी ठेवलंच नव्हतं. तसं ठेवता येत नाही. आमचा एक ड्रॉवर आहे, त्यात बेडच्या नंबरच्या खणात असतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"पैल्यापासनं?"

"पहिल्यापासून."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग पैलं ती सुदरत कशी हुती?"

"तेव्हा ते चौथ्या खणात होतं. त्याही चार नंबरला होत्या. मग त्यांना सातला नेलं आणि ते चारमध्येच राहिलं. मी विसरले."

चार नंबरला आता कोण आहे, हे मला सांगावं लागलं नाही. त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे ग्रेसताईंची पिशवी ठेवलेली होती. समोरच्या रस्त्यावरून लष्कराचे दोन ट्रक गेले.

"तिला म्हाईत हाय का?"

"नाही."

"सांगू नगा. तिच्या देवाला वाईट वाटंल." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "आता काय करायचं म्हन्ता?"

"तुम्ही सांगाल तसं." हे बोलताना मला माझी लाज वाटली. एवढं ओझं मी एका म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवत होते.

"माझं न्हाई ते," बाबा म्हणाले. "शेळी तिची हाय. हिलाच इचारतो."

मी म्हणणार होते, की त्या बोलू शकत नाहीत. झोपेचं औषध चालू आहे, घशात नळी आहे, नळी असताना आवाज निघायला वाटच नसते. मी म्हटलं, "या."

पाच वाजता दार उघडलं. सात नंबर एका टोकाला आहे, चार नंबर दुसऱ्या टोकाला, मध्ये जाड पडदे आणि सहा यंत्रांचा आवाज. मी मरिया सिस्टरांकडे बघितलं. त्या काही न बोलता चार नंबरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी बाबांना एप्रन आणि टोपी घातली आणि सातला घेऊन गेले.

ते वाकले. छबूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागले. मला तुटक ऐकू येत होतं, पोरगं, मास्तरीनबाई, भाकरी. भांडण झाल्यावर समजूत घालावी तसा आवाज होता. मग ते थांबले, मान वळवली आणि आपला कान तिच्या तोंडापाशी नेला, जिथून नळी बाहेर येत होती.

मी घड्याळाकडे बघत होते. एक मिनिट. दीड.

छबूबाईंचा चेहरा हलला नाही. छाती यंत्राने वर-खाली होत होती, मिनिटाला अठरा वेळा.

बाबा मान डोलावत होते. दोनदा "व्हय" म्हणाले. एकदा "बरं".

मग सरळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र साधा होता.

"ऱ्हाऊ द्या त्याच्यापाशीच, म्हन्ली."

मी सात नंबरच्या मॉनिटरकडे बघितलं.

"आन शेरडं इकू नका म्हन्ली." ते किंचित हसले. "मी परवा यापाऱ्याला सबूद दिल्ता. कुनाला बोललो न्हवतो. हिला कसं कळलं कुनास ठावं."

पावणेसातला छबूबाई गेल्या. आम्ही आमचं सगळं केलं, छाती दाबली, औषधं दिली, डॉक्टर धावत आले. बाहेर अजून उजेड होता. मी त्यांच्या चेहऱ्यावरच्या चिकटपट्ट्या काढल्या, केस विंचरले आणि मग चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. बारा वर्षांत किती माणसं गेली माझ्या हातून, पण मी त्यांच्यातली एकच मारली असं मला तेव्हा वाटत होतं, आणि आजही कधीकधी वाटतं.

ॲम्ब्युलन्समध्ये बसायच्या आधी बाबांनी मला हाक मारली. मला वाटलं, घुंगरू मागतील. ते म्हणाले, "पोरगं बरं हाय ना?" मी हो म्हटलं. ग्रेसताई तेवढ्यात केडगावहून पोहोचल्या होत्या. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि छबूबाईंसाठी प्रार्थना केली. बाबा डोक्याचा टॉवेल काढून मान खाली घालून उभे राहिले. आमेन त्यांनीही म्हटलं.

जस्टिन आठव्या दिवशी वॉर्डात गेला, तिथून घरी. ग्रेसताईंनी सगळ्या स्टाफला केक आणला. प्रभूने ऐकलं, त्या म्हणाल्या, आणि मी तोंडात घास ठेवून हो म्हटलं. तो खोटेपणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मात्र नातेवाइकांना मी आता 'आमच्याकडे आहे' एवढंच सांगते. सहादेवबाबांना फोन केला होता. घुंगरू पाठवू का, म्हटलं. ते म्हणाले, शेळ्या सगळ्या हायती, देवाच्या शेळीला नवं बांधलंय.

जस्टिनची फाईल रेकॉर्ड रूमला पाठवायच्या आधी पानं लावायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या नोंदी इंग्रजीत असतात. शुक्रवारच्या पानावर, पाच वाजून दहा मिनिटांसमोर, मरिया सिस्टरांच्या गोल अक्षरात एक ओळ होती. पेशंट झोपेत बोलत आहे, असं लिहून त्यांनी पुढचे शब्द मराठीतच, जसे ऐकले तसे उतरवले होते. 'ऱ्हाऊ द्या त्याच्यापाशीच. शेरडं इकू नका.'

जस्टिन केडगावात, शिक्षिकेच्या घरात वाढलेला. मी पान उजेडाकडे धरलं.

त्या ओळीखाली आणखी दोन शब्द होते. फाईलीत लिहिलेलं मागे घ्यायचं असेल तर खाडाखोड चालत नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मरिया सिस्टरांनी तशी रेघ मारली होती. शेजारी सही होती. खालचं वाचता येत होतं.

आवाज बाईचा.